कौसाची चौथी

आमची कौसा तीन वर्षं तिसरीतच बसली होती. पोरगी मठ्ठ होती म्हणून नव्हे. दिवाळी सरली की आम्ही बिऱ्हाड बैलगाडीत टाकून कारखान्यावर ऊस तोडायला निघायचो आणि उन्हाळ्यात परत यायचो, तोवर परीक्षा होऊन निकालही लागलेला असायचा. जूनमध्ये पुन्हा तिसरी, पुन्हा तेच पुस्तक. ते पुस्तक तिला तोंडपाठ झालं होतं, पण पुढचं काही तिच्या हाती पडत नव्हतं.

दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. माझं माहेर पाली, धरणाजवळचं. त्या साली धरणाच्या पोटात गुरं चरत होती. सासर चौसाळ्याच्या बाजूला. तिथल्या आडात बादली सोडली की नुसती खडखडायची. निघायच्या आधी मी शाळेत गेले आणि पंडितगुरुजींसमोर हटून बसले. म्हटलं, या पोरीचं काय करायचं ते आज सांगा, त्याशिवाय मी उठत नाही.

गुरुजी माणूस भला, पण आमच्यासारख्यांना कावलेला.

"जानकाबाई, शाळा इथं आणि पोरगी तिकडं. मी काय करू? पाठीवर शाळा घेऊन येऊ तुमच्या मागं?" मग त्यांनीच कपाटातून चौथीची पुस्तकं काढून पुढ्यात टाकली. "तुम्ही सातवी झालेल्या आहात ना? तुम्हीच शिकवा. जूनमध्ये मी स्वतः तिला तपासतो. आलं तर चौसाळ्याला पाचवीत नाव घालू. नाही आलं, तर अकरा वर्षांच्या घोडीला मी परत तिसरीत बसवणार नाही."

घरी येऊन मालकांना सांगितलं. रामहरी, म्हणजे माझा नवरा, बैलांना पेंढी टाकत होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "आलं तर बरंच हाय. न्हाई आलं तर कोयता हाय की."

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आमच्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. गडी ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम उभासुद्धा करत नाही. म्हणून पोरांची लग्नं हंगामाच्या तोंडावर उरकतात. पोरगी शाळेतून निघाली की वर्षा-दोन वर्षांत ती कुणाचा तरी अर्धा कोयता झालीच म्हणून समजा. मी झाले होते. माझ्या पोरीने होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

आमचा कारखाना केजच्या पलीकडे, सहकारी. त्या पट्ट्यात विहिरींना थोडंफार पाणी होतं, म्हणून ऊस होता. आम्ही राहायला पाचटाच्या कोप्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी मी कौसाची शाळा सुरू केली. कशी, तर दुपारी भाकरी खायला सगळे बांधावर बसले की मी एका हाताने भाकरी मोडायची आणि दुसऱ्या हाताने पुस्तक धरायचं.

लोकांना वाटतं, सातवी शिकलेल्या बाईला चौथीचं शिकवायला काय लागतं. लागतं! परक्याचं पोर चुकलं तर आपण हसतो, स्वतःचं चुकलं तर मस्तकात जातं. भागाकारात बाकी विसरली की माझा आवाज चढायचा. पहाटेपासून कंबर वाकवून मोळ्या बांधलेल्या, हाताला कुसळं, डोक्यावर ऊन, आणि ही पोरगी बारा भागिले तीनला चार म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

"कौशे, माझ्या तोंडावर लिवलंय का?"

"माय, तू सांगताना कावून वरडतीस? गुरुजी न्हाईत वरडत."

"गुरुजी मोळ्या बांधत न्हाईत!"

दोन घास पोटात जातात न जातात तोच बंकट मुकादमाची शिट्टी व्हायची. पाठ अर्धा, भाकरीही अर्धी. आठवडाभर असं केल्यावर मला कळून चुकलं की दुपारच्या त्या वेळेत चौथी होणार नाही. मग मी दुसरं ठरवलं. कौसा तशीही दिवसभर बांधावरच्या बाभळीखाली मुंजाला घेऊन बसायची. मुंजा आमचा धाकटा, वर्षाचा नव्हता झाला. त्याला झोळीत टाकायचं आणि तिने आपलं आपण वाचायचं, लिहायचं. मी सकाळी नेमून द्यायचं, दुपारी बघायचं. चांगलं चाललं. पाटीभर शुद्धलेखन एकही चूक न करता लिहिलं पोरीने, तेव्हा मला वाटलं, जमतंय की!

तिथंच माशी शिंकली. पाटी घेऊन सावलीला बसलेली पोरगी टोळीतल्या बायांच्या डोळ्यांत भरली. आधी छबुबाई आली, माझ्याच वयाची, शेजारच्या कोपीतली. तिचं तान्हं कौसाच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "बसलीच हायस तर हेच्याकडं बी बघ गं जरा." छबुबाईला सुमन नावाची नऊ वर्षांची लेक होती, पण ठेवलं ते कौसाकडे. का, तर सुमन धांदरट, कौसा शहाणी. मग सुंदरबाईने आपलं आणलं. मग रतनआत्या, टोळीतली सगळ्यात वडीलधारी, ती नातवाला घेऊन आली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! दुपारी मी बांधावर आले तर कौसाच्या भोवती चार पोरं. एक रडतंय, एकाने पेन्सिल खाल्लेली, एक पाटी चाटतंय. पाटीवरची सगळी गणितं त्या पोराच्या जिभेने पुसली गेलेली. आणि कौसा मधोमध रडकुंडीला आलेली.

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तिथंच कमरेला पदर खोचून उभी राहिले.

"कुणाची पोरं हायती ही? माझी पोरगी शिकाया बसलीय, तुमची दाई म्हनून न्हाई!"

छबुबाई फणकारली. "लई शिकवनारी आलीस! शिकून काय कलेक्टर व्हनार हाय का? पोरं मग काय सरीत टाकू?"

"टाक न्हाईतर डोक्यावर घे!"

रतनआत्या मधे पडली नसती तर झिंज्या धरल्या असत्या आम्ही. आत्या म्हणाली, "जानके, तोंड आवर. पोरं कुटंतरी ठिवावी तर लागतेतच का न्हाई? फडात कोयते चालत्यात. तूच सांग, कुटं ठिवू?"

हे मात्र खरं होतं. मागल्या साली एका पोराच्या पायावरून गाडीचं चाक जाता जाता राहिलं होतं. मी खोचलेला पदर सोडला. पण कौसाची पाटीही डोळ्यांसमोरून जाईना. तेव्हा मला एक युक्ती सुचली. त्या वेळी तरी मला ती फार हुशारीची वाटली.

शेतात आपण सावड करतो. आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. मी म्हटलं, पोरांची सावड करू. सगळी तान्ही मी सांभाळते, कोपीपाशी बसून. माझ्या वाट्याच्या मोळ्या तुम्ही सगळ्या मिळून बांधायच्या, म्हणजे रामहरीचा कोयता पुरा राहील. आणि पोरी सगळ्या माझ्यापाशी शिकायला बसतील. कौसाच्या जोडीला सुमन आणि सुंदरबाईच्या दोघी लेकी. फुकट.

बाया तयार झाल्या. बंकट मुकादमाला विचारलं तर तो दात काढून रामहरीला म्हणाला, "काय बे, कारखाना सहकारी, आता कोप्या बी सहकारी झाल्या का? माझी मोळी गाडीत पडली म्हंजी झालं. कोन का बांधंना."

मला खरंच आनंद झाला. किती वर्षांनी मी दिवसा बसले होते! तान्ह्यांची रांग घोंगडीवर, चार पोरी समोर. बेचा पाढा येत नव्हता त्या सुमनला सहाचा यायला लागला. कौसाचा भागाकार बसला. इतिहासाचे धडे मी गोष्टीसारखे सांगायचे. आवाजसुद्धा चढेना माझा. एका दुपारी कौसा म्हणाली, "माय, तू आता गुरुजीवानी बोलतीस." मी वर वर दटावलं तिला, पण आतून सुखावले.

ते सुख महिनाभरसुद्धा टिकलं नाही.

दुष्काळात उसाच्या शेंड्याला, वाढ्याला, सोन्यासारखं मोल येतं. खेड्याखेड्यांतून लोक जनावरांसाठी वाढं न्यायला फडावर गाड्या घेऊन येत होते. जितकं गोळा करून पेंढ्या बांधाल तितकं विकलं जात होतं. आमच्याही बैलांची पोटं खपाटीला गेलेली. एका सकाळी मी पोरींना पाढे म्हणायला लावले होते. रामहरी आला, उभा राहिला, आणि म्हणाला, "कौसे, चल. वाढं गोळा कराया."

मी म्हटलं, "ती कुटं येती? तिचा पाठ चाललाय."

"अगं, आता रिकामीच हाय की ती. पोर तू सांभाळतीस."

"रिकामी न्हाई, शिकती हाय."

"तेच की. बसूनच हाय."

"आवं, गुरुजी काय म्हनलेत ते ठावं हाय ना तुमाला? जूनमधी—"

"जून लई लांब हाय. बैलं आज उपाशी हायती." एवढं बोलून तो पोरीचा हात धरून निघाला. रागाने नाही. बैलांकडे बघवत नव्हतं त्याला, हे मलाही दिसत होतं. मी राहिलेल्या तिघींना पुढचा पाढा घातला.

दुसऱ्या दिवशी छबुबाईच्या नवऱ्याने सुमनला नेलं. रामहरीची पोरगी वाढं गोळा करते, मग माझी का बसली? त्याच्या मागून सुंदरबाईच्या दोघी गेल्या. तिसऱ्या दिवशी घोंगडीवर चार तान्ही, त्यांच्यासमोर पुस्तक, आणि मी. ऐकायला काळं कुत्रं नाही!

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कौसाच्या मांडीवरची पोरं मी माझ्या मांडीवर घेतली, कशाला, तर पोरींचे हात पाटीसाठी मोकळे व्हावेत म्हणून. हात मोकळे झाले आणि बापांनी ते लगेच कामाला लावले. संध्याकाळी कौसा यायची ती हातांना चिरा पडलेली, डोळे मिटत असलेली. पुस्तक उघडलं की पुस्तकावरच झोपायची. मी तिला हलवून उठवायचे, ती पुन्हा कलंडायची. मी वैतागून एकदा पुस्तक कोपीच्या पाचटावर भिरकावलं आणि मग तेच पुस्तक पदराने पुसत बसले. चिडू तरी कुणावर? नवऱ्यावर, बायांवर, दुष्काळावर, की माझ्या दीडशहाणपणावर? पोरं रडत होती आणि मला वाटत होतं, आपणही भोकाड पसरावं.

पाळीपाळीने पोरं थोपटता थोपटता मी विचार करत राहिले. कौसा बाभळीखाली मुंजाला आणि बाकीच्यांना घेऊन बसायची तेव्हा तिला एकाही गड्याने हाक मारली नव्हती. रामहरी तर दहा वेळा समोरून गेला असेल. मांडीवर पोर असलेल्या पोरीला आमच्याकडे कुणी कामाला लावत नाही. तिचं काम चालूच आहे असं सगळे धरून चालतात. मांडी रिकामी दिसली की ती बसलेली, मांडीवर पोर असलं की कामातली. पोर मांडीवर घेऊन तिने पुस्तक वाचलं काय, पाढे म्हटले काय, त्याला कुणाची हरकत नाही.

मला हे आधी का सुचलं नाही म्हणून मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या सकाळी मी सावड मोडली. सगळ्या बायांना बोलावून सांगितलं, "मला न्हाई झेपत तुमची पोरं. ज्याचं त्यानं बघावं. मी मोळ्या बांधाया येते."

काय काय ऐकून घेतलं मी! छबुबाई म्हणाली, "सातवी शिकली म्हनं, अन् चार पोरं संभाळता येईनात." सुंदरबाई म्हणाली, "मला आधीच ठावं होतं." जीभ वळवळत होती माझी, एकेकीला असं सुनावलं असतं की जन्मभर आठवलं असतं. पण मी फक्त एवढं म्हटलं, "सुमनपाशी द्या तिचा भाऊ. ज्याच्या त्याच्या भनीपाशी ज्याचं त्याचं. म्हंजी एकीवर चार न्हाई पडायचे. अन् सगळ्या एका बाभळीखाली बसू द्या, माझी नजर राहील." रतनआत्याच्या नातवाला बहीण नव्हती, तो सुंदरबाईच्या थोरलीला दिला.

रामहरी कुरकुरला. "वाढ्याला कोन?"

"मुंजाला घेता का तुमी? घ्या, मी कौसाला धाडते."

तो कोयता घेऊन फडात गेला. वाढं मग मी गोळा केलं, मोळ्या बांधून झाल्यावर, कंबर मोडेपर्यंत.

आणि शाळा भरली. चार पोरी बाभळीखाली, प्रत्येकीच्या मांडीवर एक पोर, पाटी जमिनीवर. डाव्या हाताने थोपटायचं, उजव्या हाताने लिहायचं. कौसाने मुंजाला थोपटण्याचा आणि वाचण्याचा असा काही ताल बसवला होता की एक थांबलं की दुसरं थांबायचं. मी सरीतून ओरडायचे, "बारा सत्ते?" तिकडून चौघींचा आवाज, "चौऱ्याऐंशी!" चुकलं की मी कोयत्याच्या आवाजावर आवाज चढवायचे, गडी वळून बघायचे. बघू देत. पाणी प्यायला गेले की पाट्या बघायचे. कोप्या मोडून गावी परतायची वेळ आली तोवर चौथीचं पुस्तक कौसाचं दोनदा वाचून झालं होतं.

जूनमध्ये आभाळ नुसतंच भरून येत होतं. गुरुजींनी सांगितलेल्या दिवशी मी तिला न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या. मुंजा माझ्या कडेवर. रामहरीही आला, टोपी घालून, दारात उभा राहिला. गुरुजींनी मराठीचं पुस्तक मधेच कुठेतरी उघडून तिच्यापुढे धरलं.

"वाच."

कौसा उभी. पुस्तक दोन्ही हातांत. तोंडातून शब्द नाही.

गुरुजी थांबले. पान उलटलं. "बरं, हे वाच."

नाही. ओठ हलले, आवाज फुटेना. पाढा विचारला, तोही नाही. मी दारातून दात-ओठ खात बघत होते. अगं, पाठ आहे तुला ते! झोपेत म्हणतेस! एवढं करून आणलं आणि आता खांबासारखी उभी राहतेस? रामहरीने माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. गुरुजींनी पुस्तक मिटायला घेतलं. "जानकाबाई, राहू द्या आता—"

तेव्हा मला तिचा डावा हात दिसला. पुस्तकाखाली तो बोटं उघडत होता, मिटत होता.

मी आत गेले. गुरुजींना विचारलंसुद्धा नाही. कौसाचा खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि मुंजाला तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने थोपटायला सुरुवात केली आणि वाचायला लागली. एक पान, दुसरं पान, कुठे अडखळली नाही. गुरुजींनी मधेच गणित घातलं, तिने थोपटता थोपटता उत्तर सांगितलं. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. चष्मा काढून पुसत बसले.

"आलंय तिला," ते म्हणाले. "पाचवीत घालू. पण जानकाबाई, चौसाळ्याच्या शाळेत वर्गात लेकरू घेऊन बसता यायचं नाही."

"ठावं हाय मला," मी म्हटलं.

रामहरी दारातून आत आला, आणि त्याने पोराला उचलायला हात पुढे केले. मुंजा त्याच्याकडे गेला. कौसा तशीच बसून वाचत होती, पण आवाज बारीक होत होत बंद पडला. तिचा हात रिकाम्या मांडीवर थापट्या मारत राहिला. पाचवी मिळाली म्हणून मी हसायला हवं होतं. मला इतका संताप आला होता, आणि कुणावर काढावा ते अजून कळत नव्हतं. मी तिच्यासमोर जमिनीवर मांडी घातली, तिचा डावा हात माझ्या हातात घट्ट धरला आणि म्हटलं, "पुना पयल्यापासून वाच."